डॉ. पेपरकर, एम.एस्सी., पीएच.डी., आयएसएसएन

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. त्यांचं खरं आडनाव चांगलं आहे, पण स्टाफरूममध्ये त्यांना सगळे 'पेपरकर' म्हणतात आणि त्यांनाही त्याचा राग नाही. महाराष्ट्रात कुठल्याही कॉलेजात जा, एखादा पेपरकर भेटतोच. आमचा जरा वरच्या प्रतीचा, एवढंच. मी या कॉलेजची ग्रंथपाल. इथे छापला जाणारा प्रत्येक पेपर कधी ना कधी माझ्या टेबलावर येतो, तेव्हा सरांबद्दल लिहायचा पहिला हक्क माझा.

सरांच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग असते. तिच्यात लॅपटॉप नसतो. एक जाड फाइल असते, फाइलमध्ये प्लॅस्टिकचे पारदर्शक कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक प्रमाणपत्र. कॉलेजच्या फाटकासमोरचा लॅमिनेशनवाला त्यांना महिन्याच्या खात्यावर माल देतो. माणसं भेटली की 'कसं काय?' विचारतात, सर 'किती झाले?' विचारतात. तासिका तत्त्वावर नव्याने लागलेल्या एका पोराने भाबडेपणाने 'दोन, एक मुलगा, एक मुलगी' असं सांगितलं. सर म्हणाले, "ते ठीक. आयएसएसएनवाले पेपर किती?"

स्वतः सरांचे एकशे चौदा झालेत.

आता सरांना समजून घ्यायचं तर आधी गणित समजून घ्यावं लागेल. २०१०मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एपीआय नावाची गुणपद्धती आणली आणि प्राध्यापकांची पदोन्नती, म्हणजे आमच्या बोलण्यातली 'कॅस', त्या गुणांना बांधली. त्याआधीचा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक शिकवायचा, बेडूक कापून दाखवायचा, पोरांना सहलीला न्यायचा, उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग उरकायचा आणि वेळ आली की वरच्या श्रेणीत जायचा. संशोधन ज्याला हौस होती तो करायचा. २०१०नंतर हौस सक्तीची झाली. तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेला वर्षाकाठी मिळणाऱ्या पैशात फॉर्मॅलिन, परीक्षानळ्या आणि एखादा नवा नळ एवढंच बसतं. पण पेपर मात्र सगळ्यांनी लिहायचे. लिहायला सगळे लागल्यावर छापणारे पैदा होणारच होते.

२०१८च्या नियमावलीत गुणांचा नवा तक्ता आला. विज्ञानाच्या शोधनिबंधाला ८ गुण, भाषा, सामाजिक शास्त्रं आणि वाणिज्य यांना १०. एकट्याने लिहिला तर सगळे गुण तुमचे. दोघांनी लिहिला तर प्रत्येकी ७० टक्के. दोघांहून जास्त असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३०. हा तक्ता आला त्या दिवशी सर ते पान घेऊन ग्रंथालयात आले.

"मॅडम, हे छापताना चुकलंय का?"

"नाही सर, असंच आहे."

सरांनी खुर्ची ओढली, बसले, खिशातलं पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. दोघांचे ७०-७०, म्हणजे एका पेपरचे १४० टक्के. मी एक लिहायचा, तुम्ही एक लिहायचा, दोन्हींवर दोघांची नावं. एकट्याने एक लिहून १०० मिळाले असते, तिथे प्रत्येकाला १४०. सर बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग उठले आणि सरळ वाणिज्य विभागात गेले.

तेव्हापासून आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांच्या नावावर 'वस्तू व सेवा कराचा ग्रामीण किराणा दुकानांवरील परिणाम' आहे आणि ज्यांना झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायची सवय आहे त्या वाणिज्याच्या सरांच्या नावावर 'गोड्या पाण्यातील गोगलगायींची विविधता' आहे. दोन्ही एकाच अंकात, पाठोपाठच्या पानांवर. नियतकालिक अर्थातच बहुविद्याशाखीय. त्या अंकात संत साहित्य, नॅनो कण, कबड्डीतली पकड आणि ग्रामपंचायतीचा जमाखर्च शेजारी-शेजारी सुखाने नांदत होते.

ही नियतकालिकं कशी मिळतात, असं तुम्ही विचाराल. ती मिळवावी लागत नाहीत. रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांच्या आधी त्यांचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतो: 'कॉल फॉर पेपर. आंतरराष्ट्रीय, पीअर रिव्ह्यूड, इम्पॅक्ट फॅक्टर ८.२, अठ्ठेचाळीस तासांत प्रकाशन, छापील प्रत व प्रमाणपत्र घरपोच, शुल्क दोन हजार, सहलेखकाचं प्रमाणपत्र फक्त दोनशे रुपये जादा.' खाली गुगल पेचा नंबर. आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा पत्ता एखाद्या गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्याचा. सर एकदा घाईत पेपर जोडायलाच विसरले आणि कोरी मेल गेली. संध्याकाळी उत्तर आलं: 'आपला शोधनिबंध तज्ज्ञांच्या परीक्षणात उत्कृष्ट ठरला आहे. फोटो व शुल्क पाठवावे.' दुसरा कुणी असता तर हसला असता. सर म्हणाले, "बघा, किती विश्वास आहे माझ्यावर."

मी त्यांना जगातल्या गोष्टी सांगून बघितल्या. जॉन बोहॅनन नावाच्या विज्ञान पत्रकाराने दगडफुलातल्या एका रेणूने कर्करोगाच्या पेशी मरतात, असा बनावट आणि ढोबळ चुकांनी भरलेला निबंध तयार केला, त्याच्या आवृत्त्या ३०४ नियतकालिकांकडे धाडल्या आणि १५७ जणांनी तो स्वीकारला. २०१३मध्ये 'सायन्स'मध्ये ही हकीकत आली. सर म्हणाले, "१५७च? बाकीच्यांचा सर्व्हर डाऊन असणार." मग मी पोलंडच्या संशोधकांची गोष्ट काढली. त्यांनी एक काल्पनिक बाई उभी केली, जिचं मधलं आद्याक्षर आडनावाला जोडून वाचलं की पोलिशमध्ये 'लबाड' होतं, आणि तिच्या नावाने ३६० नियतकालिकांकडे संपादकपदासाठी अर्ज केले. ४८ ठिकाणी ती संपादक झाली. २०१७मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. सर क्षणभर गंभीर झाले. म्हणाले, "बाईंचा बायोडाटा चांगला असणार. मला फक्त सात ठिकाणी घेतलंय."

आयएसएसएनवर मात्र सरांची श्रद्धा आहे आणि श्रद्धेच्या जागी वाद घालू नये हे मला उशिरा कळलं. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाला मिळणारा आठ अंकी ओळख क्रमांक. तो गुणवत्तेचा शिक्का नाही. महिला मंडळाने त्रैमासिक काढलं तर त्यालाही मिळू शकतो. सर ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुढच्या वाक्यात "आयएसएसएन आहे ना, मग झालं" म्हणतात. इम्पॅक्ट फॅक्टरचंही तेच. यूजीन गारफिल्ड यांनी साठच्या दशकात तो तयार केला तो कोणती नियतकालिकं सूचीत घ्यावीत हे ठरवायला: मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचे सरासरी किती उल्लेख झाले, एवढाच तो आकडा. त्याने माणसं मोजायची, असं ठरलं नव्हतं. पण एकदा आकड्याला गुण लागले म्हटल्यावर आकडा विकणारी दुकानंही निघाली. पैसे भरा, कुठल्यातरी भारदस्त नावाची संस्था तुमच्या नियतकालिकाला ८.२ काढून देते. साडेआठ हवा असेल तर थोडे जादा.

हे आयोगाला दिसत नव्हतं असं नाही. २०१७मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची भलीमोठी यादी काढली. तीत विद्यापीठांनी सुचवलेली नावंही घेतली आणि सगळं मुसळ केरात गेलं. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला; २०१८मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी लिहिलं की यातली ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं कमअस्सल असावीत. त्याच वर्षी २ मे रोजी आयोगाने ४,३०५ नावं एका फटक्यात काढली. तो दिवस मला आठवतो. उन्हाळ्याची सुट्टी, तरी स्टाफरूम भरलेली. एकजण यादी वाचत होता, बाकीचे आपापलं नाव शोधत होते, मधूनच कुणीतरी "गेलं माझं" म्हणून खाली बसत होतं. सरांची नऊ गेली. मग कुणीतरी आयोगाचा खुलासा वाचून दाखवला: त्या तारखेआधी छापून आलेल्या पेपरांचे गुण धरता येतील. सरांनी चहा मागवला, सगळ्यांना.

परिषदांचं फार सांगत नाही. एक दिवस, चार खोल्या, दीडशे पेपर. आंतरराष्ट्रीय ठरण्यापुरते काठमांडूचे एक गृहस्थ पडद्यावर येऊन 'आवाज येतोय का?' विचारतात. प्रमाणपत्रं जेवणाआधी वाटली तर दुपारी सभागृहात फक्त आभारप्रदर्शन करणारे उरतात, त्यामुळे ती शेवटी वाटायची, हा सगळ्या संयोजकांनी अनुभवाने शिकलेला धडा.

वाङ्मयचौर्य तपासण्याचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे, त्यामुळे त्या खात्याची गंमत मी जवळून बघते. २०१८च्या नियमाप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे शिक्षेच्या पायऱ्या. सलग चौदा शब्दांपर्यंतचं साधारण ज्ञान त्यातून वगळतात. हे कळल्यावर सरांच्या एका संशोधक विद्यार्थ्याने दर तेराव्या शब्दानंतर 'इन फॅक्ट' घालायला सुरुवात केली. दुसऱ्याने शब्द बदलून देणारं सॉफ्टवेअर वापरलं. त्याच्या प्रबंधात 'हेवी मेटल'चं 'वेटी मेटल' झालं होतं. हा आजार जगभर आहे. गिओम काबानाक आणि त्यांच्या सोबत्यांनी २०२१मध्ये अशा पिरगाळलेल्या शब्दांचा माग काढला, तेव्हा छापील निबंधांत 'ब्रेस्ट कॅन्सर'ऐवजी 'बोझम पेरिल' सापडलं होतं. त्या निबंधांना परीक्षक होते, संपादक होते, शुल्क होतं. वाचक तेवढा नव्हता.

एवढं वाचून तुम्ही सरांना भामटा ठरवलं असेल तर जरा थांबा. २०२२चा जुलै घ्या. लातूर, तेव्हाचं उस्मानाबाद, बीड या पट्ट्यात सोयाबीन नुकतं उगवलं होतं आणि शंखी गोगलगायींनी ते रातोरात फस्त करायला सुरुवात केली. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७मध्ये मॉरिशसहून एका साहेबाच्या हौसेपायी कोलकात्यात उतरली आणि पसरत गेली. शेतकरी कॉलेजात आले. "सर, लई झाल्यात. दोन दोनदा पेरलं."

सरांनी त्या दिवशी बॅगेतली फाइल काढून कपाटात ठेवली आणि तिच्या जागी बॅटरी, दोरी आणि वही घातली. महिनाभर माणूस संध्याकाळी सातला बांधावर. दोरीने एक मीटरचा चौकोन आखायचा, आतल्या गोगलगायी मोजायच्या, पुढे दहा पावलं जायचं, पुन्हा चौकोन. वहीत पाऊस, वेळ, बांधापासूनचं अंतर, गवत आहे की नाही, सगळं. दिवसा त्या बांधाच्या दगडांखाली आणि गवतात दडून बसतात, अंधार पडला की निघतात आणि बांधालगतच्या ओळी आधी खातात, हे त्यांनी शेतकऱ्यांना आकड्यांनिशी दाखवलं. बांध साफ करा, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं ओळींमध्ये टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या उचलून मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवा, हातात प्लॅस्टिकची पिशवी घातल्याशिवाय उचलू नका. हे कृषी विद्यापीठही सांगत होतंच. सर ते त्या-त्या शेताच्या नकाशावर बोट ठेवून सांगत होते. त्यांनी जिल्ह्याच्या दैनिकात साध्या मराठीत लेख लिहिला. लोकांनी कात्रण दुकानांच्या दारांवर चिकटवलं. संशोधनाच्या गुणतक्त्यात वर्तमानपत्रातल्या लेखाला रकाना नाही.

मग सरांनी तो खरा पेपर लिहायला घेतला. संदर्भ हवे होते. आंतरजालावर एकेक निबंध उघडायला तीस-चाळीस डॉलर मागत होता आणि माझ्या ग्रंथालयाच्या वर्षभराच्या तरतुदीत असे फार निबंध बसत नाहीत. सरांनी लेखकांनाच पत्रं लिहिली. ब्राझीलच्या एका बाईंनी आपले निबंध पाठवले, वर 'तुमचे आकडे मला पाठवाल का?' असंही विचारलं. सर दोन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरत होते. आता केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही एकत्रित वर्गणीची योजना मंजूर केली आहे: तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी, तीस प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकं. तेव्हा ती नव्हती.

लिहून झाल्यावर सरांनी पेपर एका खऱ्याखुऱ्या नियतकालिकाकडे पाठवला, फुकट छापणाऱ्या. आठ महिन्यांनी उत्तर आलं. तीन पानं. उपाय न केलेल्या शेतांशी तुलना कुठे आहे? एकाच हंगामावरून निष्कर्ष कसा काढलात? पुढचा हंगाम घ्या. सरांनी ती तीन पानं माझ्यासमोर बसून पेन्सिलीने खुणा करत वाचली. रागावतील असं मला वाटलं होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "हा माणूस बरोबर बोलतोय. शंभराच्या वर झाले, पण माझा पेपर पहिल्यांदाच कुणीतरी वाचला."

पुढच्या हंगामात, २०२३मध्ये, पावसाने दडी मारली. ऑगस्ट कोरडा गेला. सर दोरी घेऊन बांधावर जात राहिले आणि वहीत शून्य लिहीत राहिले. गोगलगायी आल्याच नाहीत. खरं म्हणजे हाही निष्कर्षच, पण न आलेल्या गोगलगायींवर कोण पेपर छापतो? त्यात कॅसच्या मुलाखतीची तारीख लागली. सरांनी वही कपाटात ठेवली, फाइल बॅगेत घातली आणि एका आठवड्यात तीन पेपर टाकले. त्यातला एक हवामान बदल आणि ग्राहक वर्तन यावर होता. बढती झाली. पेढे मीही खाल्ले.

एकदा मी त्यांना सुनावलं होतं की पैसे घेऊन छापणं हीच लाज आहे. सरांनी शांतपणे मोबाइल पुढे केला. 'नेचर'मध्ये निबंध सर्वांना मोफत वाचायला खुला ठेवायचा तर लेखकाकडून साडेनऊ हजार युरो, हा २०२१चा दर. म्हणजे आठ लाखांच्या वर. "लिहिणारा फुकट लिहितो, तपासणारा फुकट तपासतो, वाचणाऱ्याकडून पैसे घेतात, नाहीतर लिहिणाऱ्याकडून. मग आमच्या दोन हजारवाल्याने काय घोडं मारलंय?" याला उत्तर आहे. 'नेचर' आलेल्यांपैकी बहुतेकांना 'नाही' म्हणतं, दोन हजारवाला कुणालाच म्हणत नाही. पण ते 'नाही' कमवायला लागणारी प्रयोगशाळा, वेळ आणि पाच वर्षांची सबुरी आमच्या कॉलेजला कुणी देत नाही आणि पेपर मात्र 'नेचर'वाल्यांसारखेच मोजले जातात. म्हणून मी उत्तर दिलं नाही.

मग एक बातमी आली. २०१९पासून चालणारी, पुण्याच्या विद्यापीठातून सांभाळली जाणारी 'यूजीसी-केअर' यादीही आयोगाने २०२५च्या फेब्रुवारीत बंद केल्याचं जाहीर केलं. आता कुठलं नियतकालिक चांगलं हे ज्या-त्या संस्थेने आपलं आपण ठरवायचं. प्राचार्यांनी आमच्याकडे समिती नेमली. अध्यक्ष: डॉ. पेपरकर. सचिव: मी.

पहिल्याच बैठकीत सरांनी एकेका नियतकालिकाचं संकेतस्थळ उघडलं आणि अर्ध्या मिनिटात एकेक निकाली काढलं. हे खऱ्याचं नाव चोरून उभं केलेलं, पत्ता बघा, जीमेलचा आहे. याचा संपादक वारलाय, तीन वर्षं झाली. याच्या आकड्याची संस्था अस्तित्वातच नाही. याला मी कोरी मेल पाठवली होती. तासाभरात त्रेसष्ट नावं बाद झाली. त्यातल्या अकरा ठिकाणी सरांचे स्वतःचे पेपर आहेत. मी ते इतिवृत्तात लिहू का विचारलं, तर म्हणाले, "लिहा ना, जुने गुण कुठे कापतात?"

या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस आमच्या कॉलेजात दुसरा नाही, हे मी ग्रंथपाल म्हणून लिहून द्यायला तयार आहे.